माळावर काढलेलं गाव

"गाव बाहेर काढलं? कोणाच्या सांगण्यावरून?"

लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर आठल्ये हात धूत होते, ते तसेच थांबले. ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही इतके रोगी आडवे झालेले. त्यांतून वाट काढत आलेले कादरभाई छत्री काखेत मारून समोर उभे होते.

"माझ्याच, साहेब," ते म्हणाले. शाबासकी मिळणार, अशी बापड्यांची समजूत होती.

कादरभाई म्हणजे देवी टोचणारे. राहायला तळेगाव दाभाड्यात आणि फिरती सगळी पवन मावळात. थंडी पडली की लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि गावोगाव हिंडून पोरांचे दंड टोचायचे, ही त्यांची सरकारी चाकरी. पोरं त्यांना लांबून बघितलं की कणगीमागे दडत आणि आया बखोटीला धरून त्यांना बाहेर काढत. आता हे असं होतं, पण सुरुवातीला ह्याच आयांनी त्यांच्या अंगावर कुत्री सोडली होती. विटाळ होईल, देवी कोपेल, सरकार पोरांचं रक्त मोजून नेतं, काय काय म्हणून लोक बोलत. माणूस चिवट, म्हणून टिकला.

त्यांचा जम बसला तो प्लेगच्या साली. तिकोणा पेठेत पटापट उंदीर पडायला लागले, तेव्हा कादरभाईंनी कोंडाजी पाटलाच्या हातापाया पडून गाव उठवलं आणि माळावर झोपड्या घालायला लावल्या. गाव उठलं खरं, पण तिथे ठरेना. कोणी लोणच्याची बरणी आणायला, कोणी राहिलेलं दाणं आणायला, कोणी नुसतंच घर बघून येतो म्हणून गुपचूप खाली जाऊन यायचं. सांगून सांगून कादरभाईंच्या तोंडाला फेस आला. शेवटी त्यांनी आणि कोंडाजीने मिळून डोकं लढवलं. गावच्या भैरोबाचा टाक पाटीत घालून गुरवाच्या डोक्यावर दिला आणि माळावर आणून ठेवला. देव माळावर तोवर गाव माळावर. देवाच्या आधी जो आपल्या घराचा उंबरा चढेल, त्याच्या हातचं पाणी गाव पिणार नाही. ही मात्रा बरोबर लागू पडली. शेजारच्या गावांत घरंच्या घरं बसली आणि पेठेत एक माणूस दगावलं नाही. तेव्हापासून पेठेत कादरभाईंचा शब्द कोणी खाली पडू दिला नाही. झुंबरबाई म्हणून एक फटकळ म्हातारी होती, ती तर चारचौघांत सांगायची, की माझ्या घरात दोघांचंच चालतं, एक भैरोबाचं आणि दुसरं कादरचं.

आणि यंदा, तिकडे विलायतेत लढाई संपत आल्याच्या बातम्या येत असताना, इकडे भादव्यात मानमोडीचा ताप आला. सणकून ताप, अंगाचं पीठ, खोकला, आणि काहींच्या तोंडून रक्त. पेठेतून निरोप आला तसे कादरभाई धावले. लोकांच्या काखा चाचपल्या, मानेखाली बोटं फिरवली, गाठ कुठेच लागली नाही. पण गाठ न येता छातीत बसणारा प्लेगही असतो, असं त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. त्यातच कोंडाजीने कणगीखाली सापडलेला मेलेला उंदीर शेपटीला धरून आणून दाखवला. झालं! तो मांजराने मारलेला की आजाराने मेलेला, एवढं बघायचंही त्यांना सुचलं नाही. त्याच दिवशी गुरवाने देव उचलला आणि देवामागोमाग गाव निघालं. आता कादरभाई लोणावळ्याला आले होते ते माळावरच्या लोकांसाठी औषध मागायला, आणि आलोच आहोत तर केलेलं काम साहेबांच्या कानावर घालायला.

डॉक्टरांनी हात पुसले आणि त्यांना खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं.

"कादर, हा प्लेग नाही. पुण्याला थुंकी पाठवून तपासून आणली मी. हा ताप माणसाकडून माणसाकडे जातो, खोकल्यातून, श्वासातून. उंदराचा काही संबंध नाही. तुमच्या पेठेत माणसं आपापल्या घरात वेगळी होती. त्यांना तुम्ही एका छपराखाली आणलंत."

एका झोपडीत तीन-तीन घरं कोंबलेली कादरभाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. गवत यंदा कमी, म्हणून झोपड्या कमी. भुई ओली, पहाटे दव असं पडायचं की घोंगड्या पिळाव्यात. हे सगळं त्यांनीच हौसेने उभं केलं होतं.

"पण साहेब, हे नक्की कशावरून?" त्यांनी विचारलं. उलट बोलायचं म्हणून नव्हे. एकदा पाय घसरलेला माणूस पुढचा दगड चाचपून बघतो, तसं.

डॉक्टर रागावले नाहीत. उलट खुर्चीत मागे टेकून त्यांनी कबूल केलं, की सुरुवातीला त्यांनाही कळत नव्हतं. मुंबईची एक तार आली, कोयनेल द्या. मागून दुसरी आली, कोयनेलचा उपयोग नाही. वर्तमानपत्रात तर ताकदीच्या औषधांच्या जाहिराती आणि बातम्या यांतला फरकच कळेनासा झाला होता. बाजारात कोणी गंधक जाळत होतं, कोणी गळ्यात कापूर बांधत होतं. मग त्यांनी आणि रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपसांत एक रीत पाडली. रोज दुपारी स्टेशनावर भेटायचं. खंडाळ्याहून, तळेगावाहून जो कोणी रोग्यांत काम करणारा येईल त्याला तिथेच गाठायचं. ऐकीव काही सांगायचं नाही.

"ज्याने पाहिलंय त्यालाच विचारायचं," डॉक्टर म्हणाले, "आणि किती रोगी पाहिलेस, त्यांतले किती गेले, हेही विचारायचं. आपले गेलेले लपवतो, त्याचं ऐकायचं नाही. माझेही पुष्कळ गेले, कादर. जा, रतनबाईशी बोला. ती त्यांच्या उशाशी बसलेली असते, मी नुसता येऊन जातो."

रतनबाई दवाखान्यातली दाई. आतल्या खोलीत रेल्वेच्या एका खलाशाला चमच्याने पेज पाजत होती. तिने मान वर न करताच सगळं सांगितलं. पहिल्यांदा जागा नाही म्हणून ओसरीवर वाऱ्यात दाटीने झोपवले, त्यांतले फार गेले. तरणीताठीच जास्त गेली, बाळंतिणी आणि अंगावर पाजणाऱ्या तर हां हां म्हणता गेल्या. ज्यांना ऊब मिळाली, पेज-पाणी पोटात गेलं आणि जी निमूट पडून राहिली, त्यांतली बरीच उठली.

"आन ताप उतरला म्हून लगी कामाला पळाले," ती म्हणाली, "ते पुन्यांदा हितंच आले. त्यांतलं कोन बी परत चालत गेलं न्हाई. औशद म्हनशील तर भाऊ, औशद आमी समद्यांनाच दिलं. जगल्याले बी त्येच प्याले, मेल्याले बी त्येच प्याले."

कादरभाई परत डॉक्टरांकडे आले. डॉक्टर दौत-टाक पुढे ओढून म्हणाले, की पाटलाच्या नावाने कागद लिहून देतो, दवाखान्याचा शिक्का मारतो. कादरभाईंनी क्षणभर विचार केला आणि नको म्हणाले. गाव कागदाने उठलं नव्हतं. ज्या तोंडाने उठवलं, त्याच तोंडाने परत न्यायला हवं होतं. आणि ते किती अवघड जाणार आहे, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? देवाची पाटी त्यांच्याच डोक्यातून निघालेली.

औषध न मागताच ते निघाले आणि मळवलीला गाडीतून उतरून गायमुख खिंडीने खाली पवन मावळात आले. वाटेत आपण काय बोलायचं, याची जुळवाजुळव करत होते. नवा हुकूम आलाय, असं सांगावं का? सोपं होतं. सरकारचं नाव पुढे केलं की आपलं नाव राखलं जाईल. वीस वर्षं कमावलेलं नाव, ते कोणाला स्वखुशीने घालवावंसं वाटतं? पण हुकूम म्हटला की गाव अडून बसतं, हाही अनुभव गाठीशी होताच. खिंड उतरेपर्यंत त्यांचं काही ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माळावर पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. झोपड्यांतून खोकण्याचा आवाज एकसारखा येत होता. गुरव स्वतःच तापाने फणफणला होता आणि भैरोबाची पाटी एका दगडावर एकटीच, वर फडकं टाकलेली. झुंबरबाईची सून शालूबाई झोपडीच्या तोंडाशी ओल्या भुईवर पडली होती. तिच्या छातीतून भात शिजताना येतो तसा आवाज येत होता. अंगावरचं पोर बाजूला रडत होतं, आणि झुंबरबाई त्याला बोटाने पाण्याचे थेंब चाटवत होती. कादरभाईंना बघून तिचा चेहरा उजळला. आला बाई माझा कादर, म्हणाली, औषध दे आधी.

त्या उजळलेल्या चेहऱ्यामुळेच बहुधा त्यांच्या तोंडून खोटं निघालं नाही.

त्यांनी कोंडाजीला आणि जी माणसं पायावर उभी होती त्यांना बोलावून घेतलं. "पाटील, माझं चुकलं," ते म्हणाले. "हा प्लेग न्हाई. तुम्हाला बाहेर काढायला नको होतं. आजच्या आज घरी चला. ज्याचं माणूस आजारी त्याने आपल्या घरात निजवायचं, ऊब द्यायची, पेज द्यायची, आणि बाकीच्यांनी लांब राहायचं."

कोंडाजीने तोंडातला तंबाखू थुंकला. थोराड माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. त्याने शांतपणे विचारलं, हे कोणी सांगितलं. कादरभाईंनी जे ऐकलं-पाहिलं ते सगळं सांगितलं, डॉक्टरांचे रोगीही पुष्कळ गेले हे धरून. ते सांगायला नको होतं, असं त्यांना बोलता बोलताच वाटलं.

"म्हंजे त्यास्नी बी धड ठावं न्हाई," कोंडाजी म्हणाला. "परवा तुमी म्हनला, चला भायेर. आज म्हनता, चला आत. उद्या काय म्हनाल? आन देव? तुमचं-माझंच बोलनं हाय नव्हं, कादरभाई, गावानं देवाबिगर उंबरा चढायचा न्हाई. गुरव पडलाय. दिस बघितल्याबिगर देव हलवायचा कसा?"

"पाटील, ती युक्ती आपण दोघांनी केली होती. लोकांनी चोरून जाऊ नये म्हणून."

हे ते दबक्या आवाजात, कोंडाजीजवळ जाऊन बोलले. पण कोंडाजीचा चेहरा घट्ट झाला. त्याच्या लेखी ती युक्ती कधीच राहिली नव्हती. देवाने तेव्हा गाव राखलं होतं, आणि देवाला युक्ती म्हणणारा माणूस समोर उभा होता.

"मंग मला एक सांगा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता चुकला म्हनता. मागल्या खेपंला तुमी खरं सांगितलं व्हतं, ते कशावरनं?"

हा घाव वर्मी बसला. त्यांच्या सगळ्या आयुष्यालाच त्याने हात घातला होता. गर्दीतली माणसं त्यांच्याकडे नव्याने बघायला लागली, एखाद्या फिरत्या वैदूकडे बघावं तशी.

"मागल्या खेपेला मी उंदीर तपासले होते," कादरभाई म्हणाले. "गाठी हाताने बघितल्या होत्या. शेजारची गावं बघून आलो होतो, पुण्याच्या डॉक्टरला विचारून आलो होतो. ह्या खेपेला मी कोणाला विचारलं न्हाई. मला वाटलं, मला येतंय. म्हणून चुकलं."

कोंडाजी पाटीकडे बघत उभा राहिला. तो आडमुठा नव्हता. त्याच्या स्वतःच्या झोपडीत दोन माणसं पडली होती आणि देवाची आगळीक झाली तर ती जातील, ह्या भीतीने त्याची जीभ हलत नव्हती. एवढ्यात झुंबरबाई पोराला खांद्यावर टाकून उठली. तरातरा दगडापाशी गेली आणि एका हाताने पाटीवरचं फडकं बाजूला केलं. बाईमाणसाने देवाला असा हात घालावा, हे पेठेत कोणी पाहिलेलं नव्हतं.

"कोंडाजी," ती म्हणाली, "माजी सून हितं चिखलात मरायची न्हाई. तू नेतोस का मी नेऊ?"

कोंडाजीने तिच्याकडे पाहिलं, शालूबाईकडे पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढल्या, मुंडाशाची चुंबळ केली आणि पाटी स्वतः डोक्यावर घेतली. कादरभाईंकडे वळूनही न बघता तो उतरणीला लागला. मागोमाग माणसं निघाली. चालता येत नव्हतं त्यांना घोंगड्यांच्या झोळीतून नेलं. शालूबाईच्या झोळीचं एक टोक कादरभाईंनी धरलं. झुंबरबाई शेजारून चालत होती. वाटेत एकदा दम घ्यायला थांबले, तेव्हा तिने झोळीचं ते टोक दुसऱ्याच्या हातात दिलं.

कादरभाई तरीही गावात राहिले. चावडीत पथारी टाकली. सकाळ-संध्याकाळ दारादारांत जाऊन उशाशी पाणी आहे का बघायचं, ताप उतरलेल्याला पुन्हा आडवं पाडायचं, एवढंच काम. भात कापणीला आलेलं, त्यामुळे उठून शेतावर पळणाऱ्याला धरून ठेवणं महामुश्किल. पुष्कळांनी दार उघडलं नाही. ज्यांनी उघडलं त्यांतलेही सगळे काही वाचले नाहीत. कोंडाजीची दोन्ही माणसं उठली, गुरव उठला. शालूबाई घरी, वाळल्या भुईवर, धाकट्या पोराचा हात हातात असताना गेली. माळावर नेली नसती तर वाचली असती का, हे कादरभाईंनी पुढे डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. खोटं सांगून समजूत घातली असती तरी चाललं असतं, असं त्या दिवशी कादरभाईंना मनापासून वाटलं.

मार्गशीर्षात ते नेहमीप्रमाणे देवी टोचायला पेठेत आले. रामोशाने दवंडी दिली. चावडीत घोंगडी अंथरून, टोचायचं नस्तर उकळून कादरभाई बसले. पोरं दडली नाहीत, कारण त्यांना कोणी ओढून आणत नव्हतं. आया आपापल्या दारांत पोरांना पुढ्यात धरून उभ्या होत्या आणि चावडीकडे नुसत्या बघत होत्या. कुत्री सोडली असती तर परवडलं असतं. कोंडाजी येऊन राम राम करून गेला. ऊन चावडीच्या पायऱ्यांवरून खाली सरकलं.

तेव्हा झुंबरबाई आली. काखेत शालूबाईचं पोर. शेळीच्या दुधावर वाढवलेलं, तरी बाळसं धरलेलं. ती घोंगडीवर बसली, पण पोराला तिने पदराखालीच ठेवलं.

"कादर," ती म्हणाली, "हे तू इचारून आलायस का?"

कादरभाईंनी नस्तर खाली ठेवलं. सरकार म्हणतं, डॉक्टर म्हणतात, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर येत होतं. ते त्यांनी गिळलं.

"हे मी स्वतः बघितलंय, मावशी. पवन मावळात सगळीकडे मी टोचत आलो. तुझ्या लेकालाही मीच टोचलंय. टोचलेल्या पोरांना ताप येतो, फोड येतो, आणि मग देवी येत नाहीत. एका पोराला टोचूनसुद्धा आल्या होत्या, आजिवलीच्या. का आल्या, मला ठाऊक नाही. पण ते जगलं."

आजिवलीचं पोर कोणाचं, आता केवढं झालं, डोळे शाबूत आहेत का, असं झुंबरबाईने एकेक विचारलं. कादरभाईंना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. मग तिने पदर बाजूला केला, पोराच्या अंगड्याची बाही वर सारली आणि दंड पुढे केला. नस्तर टेकलं तेव्हा पोर कळवळून रडलं. तिने तोंड फिरवलं नाही. कुठे टोचतोय, किती टोचतोय, सगळं ती डोळे रोखून बघत राहिली.

"आठ दिवसांनी फोड बघायला येतो," कादरभाई म्हणाले.

"ये. तवर समदी ह्याच्याकडंच बघत ऱ्हात्याली."

ती उठली. पोराला खांद्याशी धरलं. अंगड्याची बाही खाली न ओढता, टोचलेला दंड उघडाच ठेवून, ती गावातून एकेका दारावरून सावकाश चालत घरी गेली.